पाणी लागेपर्यंत

लेझिनानं अंगावर गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाची कडेची पट्टी दातांनी टरकन फाडली, याकोबेची हनुवटी वर उचलून धरली आणि पट्टी डोक्यावरून घेऊन कानाशी गाठ मारली. उरलेल्या चिंधीचा बोळा करून तो तिनं स्वतःच्या तोंडात कोंबला. चांगला आत, घशाला लागेपर्यंत. मग ती चटईच्या कडेला बसून राहिली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हातांचा भरवसा नव्हता. ते छातीवर आदळले असते, तर मागोमाग आवाजही फुटला असता.

बाहेर, आंब्यांच्या पलीकडे, बोअरची गाडी दोनदा खोकली आणि सुरू झाली.

गाडी काल लिलोंग्वेहून आली होती. काल दिवसभर नुसता धुरळा उडाला. आंब्याची पानं, कोंबड्या, बघायला जमलेली माणसं, सगळं पिठाच्या गिरणीत लोळून आल्यासारखं पांढरं झालं. संध्याकाळी मशीनच्या मुकादमानं सांगितलं होतं, की उद्याचा दिवस बघू. लागलं तर लागलं, नाही तर गाडी पुढच्या गावाला. रोगामुळे रस्ते कधी बंद होतील याचा नेम नाही, आणि एकदा गाडी माघारी गेली की मग तुमचं नशीब.

याकोबेनं काल आपली चटई भिंतीशी ओढायला लावली. ज्या भिंतीतून मशीनची घरघर येत होती तिथं कान लावून तो पडून होता. त्याला श्वास पुरत नव्हता, छाती लोहाराच्या भात्यासारखी वर-खाली होत होती, पण थोड्या थोड्या वेळानं डोळे उघडून तो एकच विचारायचा.

"लागलं का?"

"लागेल," ती म्हणायची.

आज उजाडतानाही त्यानं तेच विचारलं. तिनं तेच उत्तर दिलं आणि लापशी ढवळायला वळली. परत बघते तो डोळे भिंतीकडे लागलेले आणि भाता बंद. इतकं साधं. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर एका ताटात जेवली, तो माणूस लापशी ढवळेपर्यंत निघून गेला.

आणि तिला रडता येत नव्हतं.

म्लोम्बे गावात माणूस गेलं, की घरच्या बाईनं दारात येऊन गळा काढायचा. तो आवाज पहिल्या अंगणातून दुसऱ्या अंगणात जातो, आणि तो जिथवर पोचेल तिथवर सगळी कामं जागच्या जागी थांबतात. उखळात मुसळ पडत नाही. शेतात कुणी जात नाही. जमिनीत कुदळ पडते ती एकाच जागी, कबरीसाठी, गावाचे मेलेले पुरतात त्या राईत. मढं मातीआड होईपर्यंत गावात दुसरा खड्डा खणायचा नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. मग बोअरचं मशीन कसं चालेल?

एकदा असं झालंही होतं. त्याला सात पावसाळे झाले. अशीच गाडी आली होती, असाच खडक लागला होता, आणि दुपारी गावची मुखिया मालिता हिची आई गेली. मालितानं दारात उभी राहून असा हंबरडा फोडला, की मशीनवाल्यानं न विचारताच बटण दाबलं. गाडी एक दिवस थांबली. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून माती लांबली. तिसऱ्या दिवशी गाडी निघून गेली. अर्धवट भोकावर मोठा दगड ठेवला, तो अजून तिथंच आहे. शेळ्या त्यावर चढून बसतात.

तेव्हा सगळं गाव मूग गिळून बसलं होतं. बोलला एकटा याकोबे. भर मातीत, सगळ्यांसमोर बोलला, की मेलेल्या माणसाला थांबायला वेळ असतो, मशीनला नसतो. झालं! मुखियाच्या आईची माती आणि बोलणारा कोण, तर घरजावई. डोंगरापलीकडून एक कुदळ आणि एक घोंगडी घेऊन आलेला, बायकोच्या गावात राहणारा, म्हणजे मरेपर्यंत पाहुणाच. मालितानं त्याला एक बोकड दंड केला. त्यानं दिला. पुढच्या पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि त्यांची लेक, फालेसी, नदीचं पाणी पिऊन गेली. त्यानंतर याकोबे मालितासमोर कधी उभा राहिला नाही. लेझिना तोवर तिला नावानं हाक मारायची, दोघी एका नदीवर वाढलेल्या, एका वयाच्या. तेव्हापासून ती तिला मुखियाबाई म्हणू लागली.

आता कुणी म्हणेल, गुपचूप जाऊन मालिताच्या कानात सांगायचं. पण मुखियाच्या कानावर गेलं म्हणजे गावाच्या कानावर गेलं. स्वतःच्या आईसाठी तिनं मशीन थांबवलं होतं. घरजावयासाठी थांबवलं नाही, तर लोक तोंडावर म्हणतील, तुझ्या आईला एक न्याय आणि परक्याला दुसरा. तिला थांबवावंच लागलं असतं. म्हणून लेझिनानं बोळा तोंडात घातला होता.

ती उठली. मयताच्या घरी अंगण झाडत नाहीत, म्हणून तिनं अंगण झाडलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तिनं अंगणातली चूल पेटवली, त्यावर ओला पाला टाकून चांगला जाड धूर केला. बघणाऱ्याला दिसू दे. अंगणाच्या कडेनं दवाखान्यातल्या नर्सबाईनं राखेची रेघ ओढून ठेवली होती. घरात कोरोनाचा रोगी आहे, रेघेच्या आत कुणी यायचं नाही. इतके दिवस ती रेघ लेझिनाला शिव्या दिल्यासारखी वाटायची. आज तीच तिच्या मदतीला आली.

"बायको! ए बायको!"

रेघेपलीकडे सांडिकोंडा उभा होता. गावात कबरी खणणाऱ्या माणसांचा तो पुढारी. कबर खणणारे हे रीतीनं सगळ्या गावाचे नातू, आणि नातवानं आजीला बायको म्हणायचं, आजोबाला सवतीसारखं छळायचं, याचा राग कुणी धरायचा नाही. सांडिकोंडाचे स्वतःचे केस पिकले होते, पुढचे दोन दात पडले होते, तरी तो नातूच. याकोबे आजारी पडल्यापासून तो रोज सकाळी येऊन रेघेपलीकडून खोड काढून जात असे.

तिनं बोळा काढून मुठीत धरला.

"काय रे? उजाडलं नाही तोच आलास?"

"माझ्या बायकोला बघायला आलो. तो थेरडा गेला की नाही अजून? माणसानं वाट तरी किती बघायची? कुदळ गंजली माझी."

"तुझी जीभ गंजली असती तर गाव सुखी झालं असतं."

सांडिकोंडा खो खो हसला. मग त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरून झोपडीकडे बघत आरोळी ठोकली.

"ए डोंगरावरच्या! ए घरजावया! ऊठ, आवर लवकर, मी यायलोय राहायला! अंथरूण गरम ठेव!"

याला याकोबेचं उत्तर ठरलेलं होतं. ओरडून बोलण्याइतकं बळ नसायचं, म्हणून तो उशाची काठी दाराच्या फळीवर हाणायचा. सांडिकोंडाचं वाक्य पुरं व्हायच्या आत. काल सकाळीसुद्धा हाणली होती.

आत्ता आतून काहीच आलं नाही.

"त्यांना औषध द्यायचंय, थांब," असं काहीतरी पुटपुटत ती आत गेली, काठी उचलली आणि फळीवर मारली. ठक. मग आठवून आणखी एकदा. ठक.

ती बाहेर आली तेव्हा सांडिकोंडानं गळ्यातलं फडकं नाकावर ओढून घेतलं होतं. तो चुलीकडे बघत होता. मग झाडलेल्या अंगणाकडे. मग तिच्या चितेंजेच्या फाटक्या कडेकडे.

"झोपेत आहे वाटतं," तो म्हणाला.

"हो ना. रात्री डोळ्याला डोळा नाही लागला त्यांचा."

"मग झोपू दे."

तो जागचा हलेना. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात फिरवली, परत घातली.

"मशीनकडे जातोस ना?" तिनं विचारलं. "सगळे तिकडंच असतील."

"जातो की. तिकडंच निघालोय."

पण तो आंब्यांकडे वळला नाही. राईकडे जाणाऱ्या पायवाटेनं गेला. लेझिनाला वाटलं, आडोशाला जात असेल. म्हाताऱ्या माणसांना सकाळी धीर निघत नाही. तिनं बोळा परत तोंडात घातला आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

मशीन चालू होतं. तिला त्याची भाषा कळायला लागली होती. मऊ माती असली की एकसारखी घरघर, खडक असला की दात खाल्ल्यासारखी करकर. मध्येच ते थांबायचं, लोखंडावर लोखंड वाजायचं, म्हणजे आणखी एक रॉड घातला. प्रत्येक वेळी ते थांबलं की तिचा हातही थांबायचा. मग परत सुरू झालं की ती याकोबेच्या तोंडावरच्या माशा हाकलायला लागायची.

ही सगळी गडबड रोगामुळे झाली होती. मागच्या महिन्यात दोन मोटारी आल्या आणि त्यांनी घरोघरी साबणाच्या वड्या वाटल्या, खाली तोटी लावलेल्या बादल्या वाटल्या, आणि दिवसातून किती वेळा हात धुवायचे ते गाण्यात बसवून शिकवलं. सगळ्यांनी गाणं म्हटलं. मग सांडिकोंडानं हात वर करून विचारलं, "साहेब, धुवायचे कशानं? थुंकीनं?" माणसं हसली. मोटारीतल्या मुलीचं तोंड उतरलं, पण तिनं जाऊन कुठं काय सांगितलं देव जाणे, गाडी आली खरी. लेझिनाच्या वाट्याची वडी कागदासकट आढ्यात खोचलेली होती. नदीच्या वाळूत झिरा उकरून, वाटी वाटी करून भरलेलं पाणी. त्यात साबण कोण घालवणार?

दुपारी कुणीतरी हाक मारली.

"लेझिना."

रेघेपलीकडे मालिता उभी होती. डोक्याला काळं फडकं, नाकातोंडावर दुसरं फडकं, हातात झाकलेलं भांडं. सात वर्षांत ती या अंगणाशी आली नव्हती.

"मुखियाबाई," लेझिना म्हणाली आणि गुडघ्यांत वाकली.

मालितानं भांडं रेघेवर ठेवलं. "मक्याची न्सिमा आहे. भोपळ्याचा पाला आहे, शेंगदाण्याचं कूट घालून."

"कशाला उगीच? माझी चूल पेटलीय की."

"विझव ती."

"अहो, पण—"

"विझव म्हणते ना. ऊन काय कमी आहे? धूर सगळा आत जातोय."

"मुखियाबाई, त्यांना आज जरा बरं—"

"मी विचारलं का तुला?" मालिता एकदम खेकसली. "विचारलं का काही? मी काही विचारलेलं नाही, तू मला काही सांगू नकोस. मला मशीनवाल्यांच्या जेवणाचं बघायचंय, गप्पा मारायला आले नाही मी."

ती पाठ फिरवून भराभरा चालायला लागली. जाताना तिचा पाय आंब्याच्या मुळाला अडखळला, पण तिनं मागं वळून बघितलं नाही.

लेझिना भांड्याकडे बघत राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. मेला बोकड! खाल्ला, पचवला, आणि अजून बाईच्या पोटातून उतरला नाही. माणूस मरणाच्या दारात पडलाय एवढं तरी तुम्हाला ठाऊक आहे ना? त्याला बरं आहे का, असं विचारायचीसुद्धा चोरी? तिनं चुलीवर राख ढकलली, कारण मुखियानं सांगितलं होतं, आणि आत येऊन मटकन बसली.

घरात उकाडा होता. याकोबेचे गाल आत गेले होते, आणि पट्टीनं बांधलेलं तोंड असं दिसत होतं, की जन्मात तो कधी बोललाच नाही. रस्त्यावर मेलेल्या कुत्र्यासाठीही कुणी ना कुणी हळहळतं. आणि हा माणूस सकाळपासून न रडलेला पडलाय, ज्या गावानं त्याला चाळीस वर्षं डोंगरावरचा म्हटलं त्या गावाच्या पाण्यासाठी. त्याची माती तरी कुठं होणार? घरजावयाला त्याची माणसं येऊन आपल्या गावी नेतात. पण रोगामुळे डोंगराकडची वाट आधीच बंद. मग राईच्या बाहेर, काटेरी झुडपांत, जिथं वाटसरू पुरतात तिथं. आणखी काय?

तिनं बोळा ओढून काढला. रडावं एकदाचं. पडू दे मशीन बंद. पिऊ दे सगळ्यांना चिखल. सात वर्षं प्यायले, आणखी सात पितील.

तिनं दारापर्यंत जाऊन फळीला हात लावला. श्वास भरून घेतला. छातीत आवाज तयारच होता, सकाळपासून दाराशी येऊन थांबलेला.

आणि तिला फालेसी आठवली. लेकीचे ओठ पांढरे पडले होते, पोटात काही ठरत नव्हतं, आणि ती पाणी मागत होती. आई, पाणी. घरात मडकं होतं, मडक्यात नदीचं पाणी होतं. तेच पाणी, ज्यानं तिला पाडलं होतं. लेझिनाला ते कळत होतं. तरी तिनं करवंटी भरली आणि लेकीचं डोकं मांडीवर घेऊन घोट घोट पाजलं. दुसरं पाणी नव्हतं. याकोबे दारात उभा राहून बघत होता. तो तिला थांब म्हणाला नाही आणि दे असंही म्हणाला नाही.

लेझिनानं हात खाली घेतला. चिंधी थुंकीनं भिजून दातांच्या खुणांनी चिरमटली होती. तिनं ती घडी घालून परत तोंडात घातली आणि याकोबेच्या पायाशी जाऊन बसली.

ऊन भिंतीवरून सरकलं. मशीनचा आवाज मध्येच बदलला, जड झाला, खाकरल्यासारखा. पुन्हा दगड लागला असेल, तिला वाटलं. बराच वेळ ते तसंच खाकरत राहिलं. मग एकाएकी बंद झालं.

ती ऐकू लागली. रॉड वाजला नाही. मशीन पुन्हा सुरू झालं नाही.

पाणी लागलं असतं तर बायकांनी जीभ नाचवून आरोळी दिली असती. लुलूऽऽ लुलूऽऽ, जशी लग्नात देतात, मूल झालं की देतात. म्लोम्बेच्या बायका तर साबणाच्या वडीलाही लुलू करतात. पाणी लागलं तर त्या डोंगर हलवतील. तिनं कान भिंतीला लावला, याकोबेचा कान काल जिथं होता तिथंच. कोंबडी फडफडली. लांब कुणाचं तरी मूल रडलं आणि लगेच गप्प झालं. बस्स.

लुलू आली नाही.

तिला कळलं. कोरडं. सगळा खडक आणि धुरळा. गाडी आता साखळ्या आवळेल आणि जाईल. म्हणजे सकाळपासूनचं सगळं फुकट. नवऱ्याला तिनं न रडता ठेवलं, खोटी काठी वाजवली, खोटी चूल पेटवली, आणि हाती काय, तर दुसरं एक भोक. त्यावर दुसरा एक दगड ठेवतील. शेळ्यांची सोय झाली.

"अहो," ती याकोबेला म्हणाली, पण तोंडात बोळा होता. तो तिनं काढून टाकला. आता लपवायचं कुणापासून? ती भिंतीला धरून उठली, दार उघडलं आणि गळा काढायला अंगणात आली.

अंगणाच्या टोकाशी सगळं गाव उभं होतं.

बायका पुढे होत्या, एकमेकींपासून हात हात अंतरावर, नाकावर फडकी बांधून. प्रत्येकीनं चितेंजे कमरेखाली, मयताला जाताना बांधतात तशी बांधली होती. त्यांचे पाय, त्यांच्या बाह्या ओल्या होत्या. काहींच्या डोक्यावर त्या तोटीवाल्या बादल्या होत्या आणि तोट्यांतून थेंब गळत होते. गळणाऱ्या थेंबांखाली मातीत काळे ठिपके पडत होते. कुणी बोलत नव्हतं. पोरंसुद्धा गप्प. मागे मशीनचा मुकादम पांढऱ्या धुरळ्यानं माखलेला उभा होता, कुणीतरी सांगितल्यासारखी टोपी हातात घेऊन.

सगळ्यांच्या पुढे मालिता होती. तिच्या डोक्यावर पत्र्याची बादली काठोकाठ भरलेली. नव्या विहिरीचं पहिलं पाणी मुखियाच्या घरी जातं, पूर्वजांसाठी. पाणी तिच्या कपाळावरून, गालावरून ओघळत होतं आणि तिनं ते पुसलं नव्हतं.

ती राखेची रेघ ओलांडून आत आली. रेघ तिच्या ओल्या पायाखाली फिसकटली.

"मला कुणी काही सांगितलं नाही," मालिता म्हणाली. "मी काही ऐकलंही नाही दिवसभर. मशीन किती ओरडत होतं."

तिनं बादली उतरवून लेझिनाच्या पुढ्यात ठेवली.

"आधी गढूळ आलं. मग निवळलं. हे निवळलेलं आहे." ती थांबली. "तुझ्या माणसाला आंघोळ घालायची ना?"

लेझिना बादलीत बघत होती. बादलीचा तळ दिसत होता. तळाशी पत्र्याला पडलेला पोचा दिसत होता, त्यावरचा गंज दिसत होता. इतकं आरपार पाणी या अंगणात कधी आलं नव्हतं.

बायकांच्या मधून वाट काढत सांडिकोंडा पुढे आला. त्याच्यामागे त्याचे दोघे सोबती होते. तिघेही गुडघ्यांपर्यंत लाल मातीनं माखलेले, हातांना फोड आलेले. मशीनचा धुरळा पांढरा होता. ही माती राईतली होती.

लेझिना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता तो काहीतरी वंगाळ बोलेल, थेरडा गेला, आता चल माझ्या घरी म्हणेल. मयताच्या दारात तर त्याला जास्तच जोर चढतो.

"आजी," सांडिकोंडा म्हणाला.

एवढंच म्हणून त्यानं टोपी काढली. मग मालितानंच त्याचं बोलणं पुरं केलं.

"जागा राईत धरलीय. आत. फालेसीच्या शेजारी."

आता रडायला हरकत नव्हती. सगळे त्यासाठीच थांबले होते. लेझिनानं तोंड उघडलं. काही आलं नाही. दिवसभर चिंधीनं शोषून घेतलेला घसा, त्यातून वाळल्या पानासारखी खरखर तेवढी निघाली. तिनं परत तोंड उघडलं. दोन्ही हात छातीवर आदळले, पण आवाज कुठं गेला होता कोण जाणे. ती घाबरून मालिताकडे बघायला लागली.

"अगं, थांब. थांब, लेझे," मालिता म्हणाली. लहानपणी नदीवर हाक मारायची तसं. तिनं ओंजळ बादलीत बुडवली आणि लेझिनाच्या ओठांशी धरली. "आधी घोटभर पी."

लेझिना प्यायली. पाणी गार होतं, दगडाची नि लोखंडाची किंचित चव असलेलं. ते घशातून खाली उतरताना तिला कळलं, की सकाळपासून आपण पाण्याचा थेंब घेतला नाही. मालिताचं मनगट धरून ती आणखी एक ओंजळ प्यायली.

मग ती वळली. सगळ्यांना वाटलं, आता फोडेल हंबरडा. पण ती आत गेली, आढ्यात हात घालून साबणाची वडी काढली, तिचा कागद सोलला आणि भिंतीशी निजलेल्या याकोबेजवळ गुडघे टेकून बसली. त्याच्या कानावरची गाठ तिनं जरा बाजूला सारली.

"अहो," ती म्हणाली. आवाज परत आला होता. "लागलं."

मग ती रडली. दारातून तो आवाज बाहेर आला आणि अंगणातल्या सगळ्या बायकांनी, सकाळपासून धरून ठेवलेला आपला गळा मोकळा केला. सगळ्यांत मोठा आवाज मालिताचा होता.